खेळाडूची जीभ आणि खेळाडूचे पोट

आपल्या भागातून कुणी लांबच्या प्रवासाला निघाले की घरातली वडीलधारी माणसे दोन गोष्टी बजावतात. पैसे सांभाळ आणि बाहेरचे काही खाऊ नकोस. पहिली सूचना बहुतेक जण पाळतात. दुसरी पाळणारा मला तरी अजून भेटलेला नाही. आणि खरे सांगायचे तर ती तंतोतंत पाळावी असे मीही म्हणणार नाही. परमुलखात जाऊन तिथले चार घास चाखले नाहीत, तर त्या मुलखाची ओळख अर्धीच राहते. प्रश्न एवढाच की काय खावे, कुठे खावे आणि मुख्य म्हणजे कधी खावे. सामान्य प्रवाशाचे चुकले तर दोन दिवस पोट बिघडते. खेळाडूचे चुकले तर कित्येक वर्षांची मेहनत पाण्यात जाते, आणि कधी कधी नावालाही बट्टा लागतो.

हा विषय आज घेण्याचे कारण वाचकांच्या लक्षात आलेच असेल. काल्हेर, कशेळी, पूर्णा या आपल्या पट्ट्यात कबड्डीचे मैदान नाही असे गाव शोधावे लागेल. आता मुले-मुली राज्य पातळीवर जातात, काही त्याच्याही पुढे जातात. त्यांचे आईवडील माझ्या दवाखान्यात येऊन विचारतात, "डॉक्टर, पोरगा बाहेर चाललाय, बरोबर काय गोळ्या देऊ?" गोळ्यांपेक्षा चार गोष्टी समजावून देणे जास्त उपयोगाचे, म्हणून हा लेख.

चीन आणि आपले खेळाडू

आंतरराष्ट्रीय स्पर्धा आणि परक्या मुलखातले खाणे यांचे उदाहरण म्हणून चीन घेऊ. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पहिल्यांदा पदकासाठी खेळली गेली. त्या स्पर्धेत भारताला एकच सुवर्णपदक मिळाले आणि ते आपल्या कबड्डीचे होते. २०१० साली ग्वांगझू येथे नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने १० हजार मीटरमध्ये रौप्य आणि ५ हजार मीटरमध्ये कांस्य मिळवले. २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हांगझू येथे तर भारताने १०७ पदकांची लयलूट केली. तिथले भारताचे पहिले सुवर्ण नेमबाजीच्या सांघिक प्रकारात आले आणि त्या तिघांत आपल्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील होता. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे ३ हजार मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे १९.५० सेकंदांत सुवर्ण घेऊन आला. नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी यांनी तिरंदाजी गाजवली. कबड्डीची दोन्ही सुवर्णपदके भारताकडेच आली. महिलांचा अंतिम सामना तर २६-२५ असा अवघ्या एका गुणाने जिंकला होता.

एका गुणाचा हा फरक लक्षात ठेवा. चढाई करणाऱ्या मुलीला आदल्या रात्री जुलाब झाले असते, तर तो गुण कुठे गेला असता याचा विचार करा.

अशा स्पर्धांत क्रीडाग्राम असते. तिथल्या भोजनगृहात जगभरचे पदार्थ असतात, स्वच्छतेवर देखरेख असते आणि मांस कुठून आले याची नोंद असते. मग बाहेरचे खावेसे का वाटते? कारण खेळाडूही माणूसच असतो. वीस-बावीस वर्षांचे वय, महिनोन्‌महिने वजनकाट्यावर तोलून खाल्लेले, आणि भोवती नवे शहर. सामने संपले की पाय आपोआप बाजाराकडे वळतात. त्यात वाईट काही नाही.

विंचू आणि निवट्या

बीजिंगमध्ये जुन्या राजवाड्याच्या पूर्वेला दोंगहुआमेन नावाचा रात्रीचा खाऊबाजार भरत असे. काडीला टोचून तळलेले विंचू, रेशमाच्या किड्यांचे कोष, टोळ, समुद्रघोडे असे पदार्थ तिथे मांडलेले असत. २००८ च्या ऑलिम्पिकच्या वेळी जगभरच्या पाहुण्यांनी तिथे गर्दी केली होती. २०१६ च्या जूनमध्ये तो बाजार बंद झाला. पण असे पदार्थ चीनमध्ये आजही ठिकठिकाणी मिळतात. तसे पाहिले तर चिनी माणूस रोज विंचू खात नाही. त्याचे रोजचे खाणे भात, शेवया, भाज्या, टोफू, डुक्कर आणि मासे हेच. विंचू हा बराचसा पाहुण्यांसाठीचा तमाशा.

हे वाचून नाक मुरडणाऱ्यांनी जरा आपल्या ताटाकडे पाहावे. खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटी आपण आवडीने खातो. चिंबोरीचा रस्सा, शिंपल्या, कालवे, जवळा, सुके बोंबील हे सगळे न पाहिलेल्या माणसापुढे ठेवले, तर तोही दोन पावले मागे सरेल. हांगझूच्या बाजूला आंबवलेल्या पाण्यात मुरवून तळलेला टोफू मिळतो. त्याचा वास गल्लीच्या तोंडाशी येतो म्हणतात. आपली सुकट भाजताना शेजारच्या इमारतीतली माणसे खिडक्या लावून घेतात, तोच प्रकार. 'विचित्र' आणि 'अपायकारक' हे दोन वेगळे शब्द आहेत. आरोग्याच्या दृष्टीने पदार्थ कसा दिसतो याला फारसे महत्त्व नाही, तो कसा शिजवला आणि कसा ठेवला याला आहे.

विंचवाचे विष चढते का, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. विंचवाचे विष मुख्यत्वे प्रथिनांचे असते. कडक तेलात तळल्यावर ते निकामी होते, आणि विष रक्तात गेले तर बाधते, तसे पोटातून बाधत नाही. खरा धोका वेगळाच आहे. ज्यांना कोळंबी, चिंबोरी खाल्ल्यावर अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात किंवा दम लागतो, त्यांनी विंचू, टोळ, रेशीमकोष यांच्या वाटेला मुळीच जाऊ नये. कोळंबी आणि कीटक यांच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचे सारख्याच घडणीचे प्रथिन असते. शरीराला ते ओळखीचे वाटते आणि तीच ॲलर्जी उसळते. ती काही मिनिटांत प्राणावर बेतू शकते. मित्रांनी पैज लावली म्हणून घास तोंडात टाकण्याआधी एवढे आठवावे.

जाळाची कसोटी

रस्त्यावरच्या खाण्याची मी एक साधी कसोटी सांगतो. आपल्या डोळ्यांदेखत मोठ्या जाळावर शिजलेले आणि चटका बसेल इतके गरम हातात आलेले असेल, तर ते बहुधा सुरक्षित असते. चिनी गाडीवाल्याची खोल कढई आणि भडकलेला जाळ हे जंतूंचे शत्रूच. शिवाय चिनी लोक जेवताना उकळलेले गरम पाणी किंवा चहा पितात. ही सवय आपणही घ्यावी अशी आहे. धोका असतो तो कच्च्यात, थंडात आणि ठेवलेल्यात. कापून ठेवलेली फळे, बर्फ घातलेली सरबते, कच्च्या कोशिंबिरी, सकाळपासून उघडे पडलेले मांस आणि अर्धवट शिजलेल्या शिंपल्या टाळाव्यात.

शिंपल्यांबद्दल एक इतिहास सांगितलाच पाहिजे. १९८८ च्या सुरुवातीला शांघाय शहरात काविळीची प्रचंड साथ आली. सुमारे ३ लाख लोक हेपॅटायटिस 'अ' ने आजारी पडले. कारण निघाले शिंपल्यांचे. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातल्या शिंपल्या लोकांनी गरम पाण्यातून नुसत्या काढून, जवळजवळ कच्च्याच खाल्ल्या होत्या. शिंपली हा प्राणी पाणी गाळून त्यातले अन्न घेतो. पाण्यात मैला असेल तर त्यातले विषाणू तिच्या पोटात साठतात. पाणी उकळले, कवच उघडले, की झाले असे समजून चालत नाही. आतले मांस पूर्ण शिजले पाहिजे. आपल्या खाडीच्या पाण्यात आज काय काय येते ते सर्वांना दिसते आहे. तेव्हा शांघायचा धडा काल्हेरच्या चुलीलाही लागू आहे. प्रवासाला जाणाऱ्या तरुण खेळाडूने हेपॅटायटिस 'अ' ची लस निदान दोन-तीन आठवडे आधी घेतली, तर फारच उत्तम.

आता आपल्या नाक्यावरच्या 'चायनीज'विषयी. ते चिनी नव्हे, आपलेच आहे. मंचुरियन हा प्रकार मुंबईत १९७० च्या दशकात नेल्सन वँग या आचाऱ्याने काढला असे मानले जाते. चीनच्या खेळाडूला इथली चायनीज भेळ दिली तर तोच विचारील, हे काय आहे म्हणून! गोदामांतून सुटलेली आणि व्यायामशाळेतून आलेली मुले रात्री ट्रिपल राईस खातात. तिथे जाळ असतो, म्हणून वर सांगितलेली कसोटी पूर्ण झाली असे वाटेल. पण भाताची गोष्ट निराळी. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीज असते. ते शिजवूनही मरत नाही. दुपारी शिजवलेला भात रात्रीपर्यंत टोपात उघडा राहिला की ते बीज रुजते आणि उलट्या आणणारे विष तयार करते. हे विष परतण्याच्या उष्णतेलाही दाद देत नाही. भात खाल्ल्यावर एक ते पाच-सहा तासांत एकदम उलट्या सुरू झाल्या, तर बहुतेक वेळा हाच प्रकार असतो. उरलेला भात तासाभरात पसरून थंड करावा आणि फ्रिजमध्ये ठेवावा. तसे होत नसेल त्या गाडीवर निदान सामन्याच्या आदल्या रात्री तरी जाऊ नये.

मांसात लपलेले औषध

इथपर्यंतचे सगळे तुम्हा-आम्हाला सारखेच लागू आहे. पुढचे मात्र खास खेळाडूंसाठी.

क्लेनब्युटेरॉल नावाचे एक औषध आहे. काही देशांत ते दम्यावर वापरले गेले. त्याने चरबी घटते आणि स्नायू वाढतात, म्हणून काही लोक ते डुकरांना खाद्यातून देऊ लागले. चीनमध्ये याला 'बिनचरबीच्या मांसाची पूड' अशा अर्थाचे नाव पडले. तिथे त्यावर बंदी आली, तरी चोरून वापर होत राहिला. २००६ साली शांघायमध्ये असे डुकराचे मांस खाऊन ३०० हून अधिक लोक आजारी पडले. २००९ साली ग्वांगझूत सुमारे ७० जणांना रुग्णालयात न्यावे लागले. छातीत धडधड, हातांना कंप, डोकेदुखी, मळमळ ही लक्षणे. यकृतात म्हणजे कलेजीत हे औषध जास्त साठते, आणि नेहमीच्या शिजवण्याने ते नाहीसे होत नाही. म्हणजे जाळाची आपली कसोटी इथे चालत नाही.

खेळाडूची अडचण अशी की हे औषध उत्तेजकांच्या बंदी यादीत आहे. जर्मनीचा नामवंत टेबल टेनिसपटू दिमित्री ओव्हचारोव्ह २०१० च्या ऑगस्टमध्ये चीनमधली स्पर्धा खेळून मायदेशी परतला आणि त्याच्या लघवीत क्लेनब्युटेरॉल सापडले. त्याने केसांची तपासणी करून घेतली. ती स्वच्छ निघाली. बरोबर गेलेल्या सहकाऱ्यांच्या नमुन्यांतही त्याचा अंश मिळाला. चीनमधल्या मांसातूनच हे आले असावे असे धरून त्याला ऑक्टोबरमध्ये निर्दोष ठरवले गेले. २०११ साली मेक्सिकोत १७ वर्षांखालील मुलांची जागतिक फुटबॉल स्पर्धा झाली. तिथे तपासलेल्या २०८ नमुन्यांपैकी १०९ मध्ये हे औषध निघाले. त्याच वर्षी जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे 'वाडा'ने, चीन आणि मेक्सिकोत मांस खाताना सावध राहण्याचा इशारा खेळाडूंना दिला.

पुढे नियमात थोडी सवड आली. लघवीच्या एका मिलिलिटरमध्ये ५ नॅनोग्रॅमपर्यंत अंश असेल, तर मांसातून आला का याची आधी चौकशी होते. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटींवा भाग. तपासणी किती बारीक असते याची यावरून कल्पना यावी. पण चौकशी म्हणजे चौकशीच. तोवर झोप उडायची ती उडतेच.

दुःखाची गोष्ट ही की हेच औषध आपल्याकडे काही व्यायामशाळांत 'चरबी उतरवायची गोळी' म्हणून मुलांच्या हातात दिले जाते. धडधड होते, झोप लागत नाही, म्हणून मुले माझ्याकडे येतात आणि कोणती गोळी घेतो ते सांगायला लाजतात. वाचकहो, आपला मुलगा व्यायामाला जात असेल तर त्याच्या पिशवीतल्या डब्या एकदा पाहा. रागावू नका, फक्त विचारा. हृदयाचे ठोके बिघडवणारी ही गोळी सामना हरण्यापेक्षा कितीतरी वाईट.

'मला माहीत नव्हते' चालत नाही

उत्तेजकांच्या बाबतीत कायदा कठोर आहे. शरीरात जे सापडले त्याची जबाबदारी खेळाडूची. महाराष्ट्र केसरीचा किताब तीनदा मिळवलेले नरसिंग यादव २०१६ साली रिओ ऑलिम्पिकच्या तोंडावर चाचणीत अडकले. आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी मुद्दाम भेसळ केली असे त्यांचे म्हणणे होते. राष्ट्रीय संस्थेने, 'नाडा'ने, ते मान्य करून त्यांना मोकळे केले. पण क्रीडा लवाद न्यायालयाने १८ ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, पुराव्याअभावी तो दावा नाकारला आणि चार वर्षांची बंदी घातली. त्या वादात मी शिरत नाही. धडा एवढाच घ्यायचा की आपली पाण्याची बाटली आणि आपले ताट यांच्यावर स्वतःची नजर हवी. एकदा नजरेआड झालेली बाटली रिकामी करून पुन्हा भरावी.

आपल्या स्वयंपाकघरातली एक वस्तूही इथे सांगायला हवी. ती म्हणजे खसखस. खसखस अफूच्या बोंडातली. बियांना चिकटलेल्या चिकामुळे तिच्यात मॉर्फिनचा अंश येऊ शकतो, आणि स्पर्धेच्या काळात मॉर्फिनला बंदी आहे. अनारशावरची चिमूटभर खसखस वेगळी, वाटीभर खसखशीची खीर वेगळी. स्पर्धेआधी आठवडाभर ती बाजूला ठेवलेली बरी. चीनमध्येही काही खानावळी रश्श्याला चटक लागावी म्हणून अफूच्या बोंडांची साले घालताना सापडल्या. २०१६ साली तिथल्या अन्न खात्याने अशी ३५ ठिकाणे शोधून काढली होती. तिथल्या जडीबुटीच्या सर्दीच्या औषधांत माहुआंग ही वनस्पती असते. तिच्यातल्या इफेड्रिनवरही स्पर्धेत बंधन आहे. 'झाडपाल्याचे आहे, अपाय नाही' हे वाक्य खेळाडूने विसरावे.

सामन्याआधी आणि सामन्यानंतर

माझा नियम सोपा आहे. शेवटचा सामना होईपर्यंत ओळखीचे खावे, मग नवे चाखावे. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातली एकोणीस वर्षांची एक कबड्डीपटू परगावच्या स्पर्धेहून परतली ती थेट दवाखान्यात आली. उपांत्य सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मैत्रिणींबरोबर गाडीवर पाणीपुरी खाल्ली, रात्रभर जुलाब झाले आणि सकाळी तशीच मैदानात उतरली. दुसऱ्या चढाईला डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडली. शरीरातले पाणी वजनाच्या दोन टक्के घटले तरी खेळ मंदावतो. साठ किलोच्या खेळाडूला हे म्हणजे जेमतेम सव्वा लिटर. चार जुलाबांत तेवढे जाते.

खेळाडूंनी आणि पालकांनी पुढील गोष्टी लिहून ठेवाव्यात.

१. क्रीडाग्रामात किंवा संघाच्या खानावळीतच जेवावे. सामने संपेपर्यंत बाहेरचे मांस, विशेषतः कलेजी, टाळावी. अंडी, डाळ, दूध, टोफू यांतून प्रथिने भरपूर मिळतात.

२. बरोबर चणे, शेंगदाण्याची चिक्की, मेतकूट, थालीपिठाची भाजणी असा कोरडा खाऊ न्यावा. परदेशात काय नेता येते ते आधी विचारावे.

३. जेवणाआधी साबणाने हात धुवावेत. मैदानावरच्या खेळाडूला हा सल्ला पोरकट वाटतो, पण सर्वांत जास्त जुलाब यानेच वाचतात.

४. ओआरएसची पाकिटे बॅगेत असावीत. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा. जास्त मीठ घालू नये.

५. जुलाब थांबवणारी गोळी मनाने घेऊ नये. ताप असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर मुळीच नको. लघवी कमी होणे, गुंगी येणे, पाणीही न ठरणे ही डॉक्टर गाठण्याची लक्षणे.

६. कोणतेही औषध, अगदी सर्दीचेही, संघाच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तोंडात टाकू नये.

७. सामने संपल्यावर बाजारात जावे ते दोघा-तिघांनी मिळून. गर्दीची गाडी निवडावी, कारण तिथला माल ताजा असतो. समोर शिजलेले, वाफाळते घ्यावे, आणि एका वेळी एकच नवा पदार्थ, तोही थोडा, चाखावा. पुढच्या आठवड्यात दुसरी स्पर्धा असेल तर मांसाचा मोह तेव्हाही आवरावा.

वडीलधाऱ्यांना एक विनंती. मुलाला नुसते 'बाहेरचे खाऊ नको' म्हणून पाठवू नका. तो खाणारच आहे, आणि तुमच्यापासून लपवून खाईल. उलट त्याला सांगा की विंचू खाल्लास तरी चालेल, पण पदक गळ्यात पडल्यावर आणि कोळंबीची ॲलर्जी नसेल तर. कारण समजले की तरुण मुले नियम पाळतात, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. कबड्डीत चढाई करणारा दम घट्ट धरतो आणि रेषा ओलांडून परत आल्यावरच सोडतो. जिभेचेही तसेच आहे. तिला कायम कोंडून ठेवायचे नाही, फक्त सामना संपेपर्यंत धरून ठेवायचे.